पाणकणसाला कुंपण हवे

चंद्रपूर-गडचिरोलीत परसात पाण्याची बाग करायची तर रोपवाटिका शोधत फिरायला नको. माजी मालगुजारी तलावांच्या, म्हणजे आपल्या मामा तलावांच्या, उथळ कडेला आणि धानाच्या बांध्यांमधल्या बोड्यांत पाणकणीस आपणहून उभे असते. माणसापेक्षा उंच, पाती सरळसोट. त्याचा जाड तपकिरी भाग मादीफुलांचा. नरफुले त्याच्या वर येतात. अरुंद पानांच्या जातीत दोहोंमध्ये थोडी उघडी दांडी दिसते. परागकण उडाले की नरफुले झडतात आणि वर नुसती काडी उरते.

लावायला अगदी सोपे. मृगाच्या आधी, तलाव आटलेला असताना, काठच्या चिखलातून कोंब असलेल्या आडव्या खोडाचा वीतभर तुकडा काढावा. तलाव गावाचा असेल तर आधी ग्रामपंचायतीला आणि मच्छीमार सोसायटीला विचारावे. बुडाला भोक नसलेली सिमेंटची नांद घ्यावी, तिच्यात बांधीतली चिकण माती, वर थोडी वाळू. शेणखत नको, पाणी हिरवे होते. सुरुवातीला चार बोटे पाणी पुरे, पाती वाढल्यावर वीतभर. जागा दिवसभर उन्हाची हवी. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर गेला की रोज पाणी भरावे लागते. डासांसाठी गप्पी मासे चालतात, मात्र नांदेतच; ते तलावात सोडू नयेत.

नांदेचा आग्रह मी धरतो, कारण हे झाड बोट दिले की हात धरते. आडवी खोडे चिखलात पसरतात, आणि एकेका कणसातून लाखाच्या घरात बिया वाऱ्यावर जातात. म्हणून कणीस फुटून कापूस उडण्याआधीच कापावे.

तरीही त्याला निव्वळ तण म्हणणे मला पटत नाही. पाते बुंध्याशी आडवे कापून पाहा, आत पोकळ कप्प्यांची जाळी दिसते. या वाटेने हवा मुळांपर्यंत उतरते आणि मुळांभोवतीच्या जिवाणूंना प्राणवायू मिळतो. पाणवनस्पतींकडून सांडपाणी शुद्ध करून घेण्याचे प्रयोग जर्मनीत केटे झायडेल यांनी 1950 च्या दशकात सुरू केले. अमेरिकेत कोळसा खाणींचे आम्लयुक्त पाणी पाणकणसाच्या पाणथळींतून सोडून त्यातले लोह खाली बसवतात. चंद्रपूरसारख्या खाणींच्या जिल्ह्यात याचा विचार व्हायलाच हवा. मात्र अशा जागची पाती गुरांना घालू नयेत.

तलावात मात्र वनस्पतींचा तोल राखावा लागतो. चंद्रपूरच्या रामाळा तलावावर इकॉर्निया या जलपर्णीने केलेला कब्जा शहराने पाहिला आहे; तलाव वाचवण्यासाठी इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे 2021 मध्ये उपोषणाला बसले होते. शेजारच्या भंडारा-गोंदियात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर या मासेमार समाजाच्या जाणकारांना सोबत घेऊन तलावांतली बेशरमीची झुडपे उपटली आणि माशांना उपयोगी अशा देशी पाणवनस्पती लावल्या. कोणती वनस्पती कुठे ठेवायची, हे ढिवरांना विचारूनच ठरवले पाहिजे.

पाणकणीस फार माजले तर उपटत बसू नये. पाणी कमी असताना मे महिन्यात पाती तळाशी कापावीत. पावसाचे पाणी बुंध्यांवर चढले की हवेची वाट बंद होते आणि खोडे कुजतात. एका कोपऱ्यातला पट्टा तेवढा राखावा. जांभळ्या पाणकोंबडीची वीण पावसाळ्यात असते आणि तिला घरट्यासाठी हीच दाटी लागते.