उत्तर एकच, हे कशावरून?



मागील आठवड्यात बारावीच्या एका विद्यार्थिनीने वही पुढे केली. अवकल समीकरण साधे होते : य च्या बदलाचा वेग य च्या दुप्पट, आणि वेळ ट = ० असताना य = ३. तिने अंदाजाने य = ३ ई^(२ट) लिहिले व समीकरणात घालून पडताळले. तरी विचारले, "सर, रीत न करता उत्तर काढले. दुसरेही एखादे उत्तर असेल तर?"

प्रश्न फार चांगला आहे. समीकरण फक्त बदलाचा वेग सांगते. बसचा प्रत्येक क्षणाचा वेग कळला, तरी ती नानाखेड्याहून निघाली की देवासहून, हे कळल्याशिवाय आता ती कोठे आहे हे सांगता येत नाही. ती उणीव प्रारंभिक अट भरून काढते.

आता समजा, ज हे दुसरे उत्तर आहे. ज ला ई^(–२ट) ने गुणून अवकलन करा. (ज′ – २ज) ई^(–२ट) मिळते आणि कंसातील किंमत शून्य आहे. म्हणजे तो गुणाकार कधी बदलतच नाही. सुरुवातीला तो ३ होता, म्हणून नेहमी ३. अर्थात ज = ३ ई^(२ट). दुसरे म्हणून आणलेले उत्तर पहिलेच निघाले!

ज्यांचे गुणक संतत आहेत आणि ज्यांत सर्वोच्च अवकलजाचा गुणक कोठेही शून्य होत नाही, अशा सर्व रेखीय (आपल्या हिंदी पुस्तकात 'रैखिक') समीकरणांना हे लागू आहे. मात्र समीकरण दुसऱ्या कोटीचे असेल तर अटी दोन हव्यात. झोपाळ्याचे प्रारंभिक स्थान व वेग, दोन्ही सांगावे लागतात.

पण हे सगळीकडे गृहीत धरू नका. वैशाखात महाकालेश्वराच्या पिंडीवर गलंतिका बांधतात, त्या आपण पाहतोच. तळाला छिद्र असलेल्या सरळ उभ्या भिंतींच्या पात्रात पाणी घालणे थांबवले, तर टॉरिसेलीच्या नियमाप्रमाणे पातळी उतरण्याचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. हे समीकरण रेखीय नाही. सायंकाळी पात्र रिकामे दिसले, तर ते पहाटे रिकामे झाले की दुपारी? दोन्ही उत्तरे समीकरणात बसतात आणि 'आता पाणी शून्य' ही अटही पाळतात.

त्या मुलीचे उत्तर मात्र बरोबर होते, आणि पूर्णही. बी.एस्सी.च्या परीक्षेत असेच एक बरोबर उत्तर मी भीतीपोटी खोडले होते. तुम्ही खोडू नका. पडताळा लिहा, अट तपासा, आणि उत्तर एकमेव का आहे ते एका ओळीत सांगा.