प्रमोशनआधीचा चेहरा

मार्च संपत आला की रायपूरच्या माझ्या दवाखान्यात चाळिशी-पन्नाशीतल्या पुरुषांची ये-जा वाढते. सिलतरा, उरल्याच्या स्पंज आयर्न कारखान्यांतले शिफ्ट इनचार्ज, बँकेच्या वरच्या स्केलसाठी मुलाखत देणारे अधिकारी, विभागीय पदोन्नतीच्या यादीत नाव लागलेले सरकारी नोकर. 2000 साली छत्तीसगढ वेगळं झालं, रायपूर राजधानी झाली आणि मोठी कार्यालयं इथं आली. त्यांच्याबरोबर मोठ्या खुर्च्याही आल्या.

ही मंडळी आल्या आल्या खरं कारण सांगत नाहीत. आधी पाठीला खाज येते म्हणतात, मग टाचांच्या भेगा दाखवतात. उठता उठता सांगतात, "मॅडम, पुढच्या महिन्यात इंटरव्ह्यू आहे. चेहरा जरा ठीक करून द्या." कधी बायको शेजारी बसलेली असते आणि तीच म्हणते, "डॉक्टर ताई, यांचे डोळे बघा ना, किती काळे झालेत."

त्यांना मी कधी हसत नाही, कारण त्यांची भीती खोटी नाही. डॅनियल हॅमरमेश आणि जेफ बिडल या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी 1994 मध्ये दाखवून दिलं की दिसायला साधारण मानल्या गेलेल्या माणसांना पगार कमी मिळतो, आणि हा फरक बायकांइतकाच पुरुषांनाही भोगावा लागतो. 2006 मध्ये विलिस आणि टोडोरोव्ह यांना प्रयोगात आढळलं की अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भाग दिसला तरी समोरचा विश्वासू आहे की नाही, कर्तबगार आहे की नाही, याबद्दल माणूस मत बनवून मोकळा होतो. वीस वर्षं भट्टीसमोर उभं राहून काम शिकलेल्या माणसाला थकलेल्या चेहऱ्यापायी कुणी मागे टाकलं तर तो अन्याय आहे. तो होऊ नये म्हणून तो माझ्याकडे येत असेल तर त्याचं काम करून देणं मी माझं कर्तव्य मानते.

अडचण होते ती तारखेची. मुलाखत वीस दिवसांवर आलेली असते आणि त्वचेचा वरचा थर पूर्ण नवा व्हायलाच साधारण चार आठवडे लागतात. वय वाढलं की त्याहूनही जास्त. वीस दिवसांत गोरं करून देतो म्हणणारा माणूस काय देणार आहे, हे मला चांगलं माहीत आहे. तो स्टिरॉइडचं मलम देणार आहे.

या मलमाबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण माझ्याकडे येणारे सगळ्यांत वाईट चेहरे यानेच बिघडवलेले असतात. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन ही औषधं एक्झिमा किंवा सोरायसिसला फार कामाची आहेत. मीही ती लिहून देते. चेहऱ्याला लावली की रक्तवाहिन्या आकसतात, लाली जाते, सूज उतरते आणि पहिल्या आठवड्यात चेहरा खरंच उजळ दिसतो. लावणारा खूश होतो आणि लावत राहतो. मग त्वचा पातळ होत जाते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, चाळिशीत पुटकुळ्या उठतात, नको तिथे लव वाढते. घाबरून मलम बंद केलं की चेहरा लालभडक होऊन जळजळतो, म्हणून तो पुन्हा ट्यूब उघडतो. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा मलमं शेड्युल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. त्वचारोगतज्ज्ञांच्या देशव्यापी संघटनेने त्यासाठी बराच पाठपुरावा केला होता. तरीही मेडिकलच्या काउंटरवर नुसतं "चेहऱ्याला काही द्या" म्हटलं की ट्यूब हातात पडते, असं माझे रुग्ण आजही सांगतात.

बिनानावाच्या डब्यांतून येणारं गोरेपणाचं क्रीम आणखी धोक्याचं. त्यात पारा असू शकतो. काही वर्षांपूर्वी अकोल्यात एकाच घरातल्या तिघींना असं क्रीम वापरून मूत्रपिंडाचा विकार झाला आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासणीत त्या क्रीममध्ये पारा सापडला. त्वचेवर लावलेली वस्तू मूत्रपिंडापर्यंत पोचते, हे अनेक शिकलेल्या लोकांनाही खरं वाटत नाही.

आणि मुळात गोरं व्हायचं कशाला? पुरुषांसाठी गोरेपणाचं वेगळं क्रीम आपल्या बाजारात 2005 मध्ये आलं. पुढे 2020 मध्ये 'फेअर अँड लव्हली'च्या नावातला 'फेअर' गेला, पण माझ्यासमोर बसलेल्या माणसाच्या मनातून तो गेलेला नाही. सावळा रंग हा आजार नाही, मी त्यावर उपचार करत नाही, हे मी पहिल्याच भेटीत सांगते. डाग असतील तर ते कमी करते. भट्टीवर काम करणाऱ्यांच्या गालावर वांग येतो, कारण उन्हासारखीच भट्टीची धगही तो वाढवते. त्याला रोजचं सनस्क्रीन, रात्रीचं औषध आणि काही महिने धीर लागतो. एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर असताना ग्लायकोलिक ॲसिडचं पील करून दुपारी साइटवर जाणाऱ्याचा चेहरा सोलतो आणि आपल्या वर्णाच्या त्वचेवर त्या जागी आधीपेक्षा गडद डाग उठतात. म्हणून उन्हात काम असणाऱ्याचं पील मी हिवाळ्यावर ढकलते, मग तो कितीही नाराज होवो.

मानेचं वेगळं सांगते. कॉलरच्या वर काळी, मखमलीसारखी जाड झालेली मान घेऊन बरेच जण येतात आणि घासून घासून ती आणखी काळी केलेली असते. त्यांना क्रीम हवं असतं. मी रक्तातली साखर तपासायला सांगते. ही मान बहुतेकदा शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची खूण असते. मुलाखतीसाठी मान उजळवायला आलेल्या माणसाला आपला मधुमेह इथेच पहिल्यांदा कळतो, असं माझ्याकडे वारंवार होतं. वजन उतरलं की मानही उजळते. त्यापुढे कुठलंही लेझर टिकत नाही.

केसांच्या बाबतीत घाई तर अजिबात चालत नाही. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचं औषध होतं. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढले म्हणून ते टकलासाठी वापरात आलं. ते लावल्यावर सुरुवातीला केस उलट जास्त गळतात, फरक दिसायला चार-सहा महिने जातात आणि लावणं थांबवलं की मिळालेलं परत जातं. फिनास्टेराइडच्या गोळीने काहींची कामेच्छा कमी होते, आणि प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीचा आकडा जवळपास निम्मा दिसतो. पन्नाशीच्या माणसाने ही गोळी चालू असल्याचं तपासणीच्या वेळी सांगितलंच पाहिजे. हेअर ट्रान्सप्लांटमध्ये रोवलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळून पडतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवे उगवतात आणि पूर्ण परिणाम वर्षाने दिसतो. म्हणजे मुलाखतीच्या महिनाभर आधी ते करणारा माणूस समितीसमोर डोक्यावर खपल्या आणि विरळ केस घेऊन बसणार.

शिवाय ही शस्त्रक्रिया आहे. 2025 मध्ये कानपूरला केशरोपणानंतर दोन इंजिनिअर दगावल्याची प्रकरणं पोलिसांत गेली. यूट्यूब पाहून किंवा कार्यशाळेला बसून केशरोपण करण्याची पात्रता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला 2022 मध्ये लेखी सांगावं लागलं. करणारा प्लास्टिक सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञ आहे का, त्याचा नोंदणी क्रमांक काय, सुई प्रत्यक्षात कोण टोचणार, हे विचारायला संकोचू नका. आणि विमा याचे पैसे देत नाही. वर अठरा टक्के जीएसटी लागतो, तोही हिशेबात धरा.

बोटॉक्सचा आग्रह मी धरत नाही. कपाळाच्या आठ्या त्याने जातात, परिणाम दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो आणि तीन-चार महिने टिकतो. करायचंच असेल तर मुलाखतीच्या महिनाभर आधी, म्हणजे एखादी पापणी उतरलीच तर सावरायला वेळ मिळतो.

केस रंगवणारे मात्र निष्काळजी असतात. काळ्या मेंदीतही बहुतेकदा पीपीडी नावाचं रसायन असतं. ते सोसलं नाही तर डोळे बंद होतील इतका चेहरा सुजतो, आणि वर्षानुवर्षं सोसलेलं एखाद्या दिवशी अचानक सोसेनासं होतं. कानामागे थोडं लावून दोन दिवस थांबायचं आणि मगच रंगवायचं.

आता जे महिनाभरात खरोखर बदलतं ते. आमच्या छत्तीसगढात गुडाखू नावाची तंबाखूची गुळातली मशेरी सकाळ-संध्याकाळ दातांना लावतात. घरोघरी चालते, साहेबांच्या घरीही. तिच्यावर गुटखा. दाताच्या डॉक्टरांकडून सफाई करून घेतली आणि गुडाखू सोडली तर हसणं मोकळं होतं, तोंडाला वास राहत नाही, आणि कर्करोगाचा धोका टळू लागतो हे त्याहून मोठं. रात्रपाळीच्या माणसाने मुलाखतीच्या आधीच्या आठवड्यात पाळी बदलून मागावी. डोळ्यांखालच्या काळेपणाला झोपेइतकं चांगलं औषध मी अजून लिहून दिलेलं नाही. दाढी केसांच्या दिशेने करावी, म्हणजे गळ्यावर पुटकुळ्या येत नाहीत. शेवटच्या पंधरा दिवसांत चेहऱ्याला नवीन काहीही लावू नये, सलूनमधलं फेशियलसुद्धा नको.

आणि एक काम आजच करा. घरात चेहऱ्याला लावायची जी ट्यूब असेल तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव दिसलं आणि ती काही आठवडे लावून झाली असेल, तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. खासगीत परवडत नसेल तर रायपूरच्या एम्समध्ये आणि आंबेडकर रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी चालते.