पाणी गोठते, गाजरे वाचतात

लडाखमधील लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात तेथे रात्री पारा उणे २० अंश सेंटिग्रेडपर्यंतही उतरतो आणि बर्फामुळे घाटरस्ते बंद पडतात. छोट्या उन्हाळ्यात पिकवलेले बटाटे, गाजरे, सलगम पुढच्या वसंतापर्यंत पुरवायचे असतात. लडाखी कुटुंबे ते खड्ड्यात पुरून वर मातीचा थर देतात.

शीतकपाटाहून थंड हवेत खड्डा कशाला? तर येथे शत्रू दोन आहेत. उपटल्यावरही गाजर जिवंत असते; श्वसन करून ते आपलीच साखर जाळते. तापमान १० अंशांनी वाढले, की हा खर्च दुपटी-तिपटीवर जातो. म्हणून थंडावा हवा. पण गाजर गोठले, तर बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फाटतात आणि वितळल्यावर हाती लगदा येतो. शून्याच्या किंचित वर राहायचे, एवढीच अरुंद वाट उरते. (बटाटा जरा नाजूक. ४ अंशांखाली तो गोडसर होतो.)

ही वाट जमीन सांभाळते, कारण माती उष्णतेची मंद वाहक आहे. दिवसरात्रीचा चढउतार हातभर खोलीवर जवळजवळ नाहीसा होतो. ऋतूंचा चढउतार अधिक खोल जातो, पण रेंगाळत. दीड-दोन मीटरांवर कडाक्याची थंडी पोहोचेपर्यंत तितकेच महिने लोटतात!

खड्ड्याऐवजी घराखालचे तळघर असेल, तर दाराच्या फटींतून थंडी आत शिरतेच. अशा तळघरात युरोप-अमेरिकेतील शेतकरी भाज्यांशेजारी पाण्याचे पिंप ठेवीत. वर्गात हे सांगितले, की मुले हसतात. पाण्याने गारठा वाढणार नाही का? घडते ते उलटेच. गाजराच्या रसात साखर व क्षार विरघळलेले असतात, त्यामुळे तो उणे १ अंशाच्याही खाली गोठतो. साधे पाणी त्याआधी, शून्यालाच गोठू लागते आणि गोठताना दर ग्रॅममागे ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकते. २० लिटर पाण्याचा हिशेब करा: १६ लाख कॅलरी! १०० वॅटचा दिवा साडेअठरा तास जळावा, इतकी ही ऊर्जा. ती मिळत असते तोवर तळघर शून्याच्या फार खाली उतरत नाही.

पिंप तळापर्यंत गोठले, की मात्र हे संरक्षण संपले. मग नवे पाणी हवे. पण त्यासाठी जुना बर्फ बाहेर फेकलाच पाहिजे का, की तो तसाच ठेवून शेजारी दुसरे पिंप भरले तरी चालेल? विचार करून पाहा.