साठीनंतरची बदली

घानाच्या राजधानीत, आक्र्यात, नव्याने राहायला आलेल्या माणसाची पहिली परीक्षा पाणी घेतं. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून घरोघरी पॉलीटँक, म्हणजे प्लॅस्टिकची टाकी, आणि ती भरली का ते बघायला पहाटेची उठबस. आमच्या वरच्या मजल्यावर अमेरिकेतल्या युटाहून मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचं एक जोडपं राहायला आलं, त्यांची-माझी ओळख झाली ती या टाकीपायीच. नवरा सत्तरीला टेकलेला, बायको थोडी लहान. दोघांच्याही खिशावर काळी नावपट्टी. मिशनवर असताना पहिलं नाव कोणी घेत नाही. ते ‘एल्डर’, त्या ‘सिस्टर’. त्यांच्यात एकोणीस वर्षांचा पोरगाही एल्डरच.

मिशनरी म्हटलं की आपल्याला धर्मप्रसार आठवतो. तो इथे आहेच, आणि हे दोघं ते लपवतही नाहीत. पण दारोदार फिरायचं काम तरुणांचं. वयस्क जोडप्यांवर ती सक्ती नसते. त्यांनी ठरावीक महिने द्यायचे, तेही पदरमोड करून. परदेशात घरभाड्याचा बोजा एका मर्यादेपलीकडे जाऊ नये, एवढी सोय चर्चने २०११ मध्ये केली. आवड कळवता येते, पण कुठे जायचं ते ठरतं चर्चच्या मुख्यालयात, सॉल्ट लेक सिटीत. यांनी अठरा महिने देऊ केले आणि वाट्याला घाना आलं. काम काय, तर तरुण मिशनऱ्यांची घरं सांभाळायची: भाडेकरार, प्रीपेड मीटर, गळके नळ, गाद्या, मच्छरदाण्या.

आक्र्याजवळच्या टेमातल्या अशा एका घराची तपासणी बघायला मी त्यांच्या पिकअपमधून गेले. चार पोरं: दोन नायजेरियाची, एक काँगोचा, एक अमेरिकन. एल्डर आत शिरले ते थेट सिंकखाली वाकले. थेंब थेंब गळत होतं. झिजलेला वायसर काढून त्यांनी खिशातला नवा बसवला. सिस्टर फिल्टरपाशी. वरचं भांडं उतरवून त्यांनी कँडल बाहेर काढली. तिच्यावर तपकिरी थर धरला होता. एका पोराच्या हातात ब्रश दिला आणि साबण न लावता नुसत्या पाण्याखाली घासून घेतली, कारण साबण कँडलच्या छिद्रांत बसतो आणि मग प्यायच्या पाण्यात उतरतो. नंतर झोपायच्या खोल्या. एक मच्छरदाणी वर गुंडाळून गाठ मारलेली होती आणि गाठीवर धूळ बसली होती. सिस्टर रागावल्या नाहीत. गाठ सोडली, जाळीला भोक दिसलं तिथे पर्समधला सुईदोरा काढून चार टाके घातले, कड गादीखाली खोचली आणि मग विचारलं, “मागच्या महिन्यात मलेरिया कोणाला झाला होता?” ज्याची ती खाट होती, त्यानेच हात वर केला.

घरमालकांशी बोलणं हा यापेक्षा अवघड भाग. घानाच्या १९६३ च्या भाडेकायद्याप्रमाणे सहा महिन्यांहून जास्त भाडं आगाऊ मागता येत नाही. व्यवहारात मालक वर्षा-दोन वर्षांचं एकरकमी मागतात. एल्डर हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेले. सुरुवातीला ते बसल्या बसल्या आकड्यावर यायचे आणि समोरचा गप्प व्हायचा. त्यांच्या ऑफिसातल्या घानी सहकाऱ्याने रीत शिकवली: आधी बसायचं, दिलेलं पाणी प्यायचं, घरच्यांची विचारपूस होऊ द्यायची, काय काम काढलंत, हे मालकच विचारतो. आता एल्डर मालकाच्या नातवंडांची चौकशी करतात, आणि ती मनापासून करतात. सिस्टरांची अडचण वेगळी, त्या डावखुऱ्या. बाजारात त्यांनी डाव्या हाताने पैसे पुढे केले की बाई घेईना. आपल्याला हे सांगावं लागत नाही. त्यांना जन्मभराची सवय मोडायची होती. त्यांनी पर्स डाव्या खांद्यावर घ्यायला सुरुवात केली आणि डाव्या हाताला तिचा पट्टा धरून ठेवायचं काम लावलं.

या देशात त्यांच्या चर्चची सुरुवातही वयस्क जोडप्यांनीच केली. कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य नाकारणारा नियम मॉर्मन चर्चने जून १९७८ मध्ये उठवला. त्याच वर्षाअखेर मेबी आणि कॅनन ही दोन जोडपी पश्चिम आफ्रिकेत उतरली. घानात जोसेफ विल्यम बिली जॉन्सन १९६४ पासून स्वतःच मंडळ्या चालवत वाट बघत होते. केप कोस्टच्या किनाऱ्यावर त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे १९८९-९० मध्ये सरकारने या चर्चवर बंदीही घातली होती. २००४ मध्ये आक्र्यात त्यांचं मंदिर उभं राहिलं. पौरोहित्याच्या त्या जुन्या नियमाबद्दल मी एल्डरना छेडलं. ते म्हणाले, “त्याचं समर्थन मला करता येत नाही. जॉन्सननी मात्र आमची चौदा वर्षं वाट पाहिली.”

दोघांना खरं रुळावं लागलं ते एकमेकांशी. चाळीस वर्षं ते ऑफिसात, त्या शाळेत. इथे एकच टेबल, एकच गाडी. पहिले काही आठवडे जिन्यातून धुसफूस ऐकू यायची. मग वाटणी झाली: कागद आणि पाने-पक्कड एल्डरांकडे, फोन आणि आजारी पोरं सिस्टरांकडे. दरम्यान युटात नात झाली, ती अजून फक्त पडद्यावर पाहिलेली. तो विषय निघाला की सिस्टर भराभर कामाचं बोलू लागतात.

आपल्याकडे या वयात सुनेच्या हाती किल्ल्या देऊन मोकळं व्हायचं असतं. यांनी परक्या देशात परक्या पोरांच्या घरांचा जुडगा कमरेला लावला. धर्माचं मला पटत नाही, तसं मी त्यांना सांगितलंही. पण संसार करायचं कौशल्य निवृत्त होत नाही, हे त्यांच्याकडे बघून पटलं. वरच्या घराचं भाडं दोन वर्षांचं भरलेलं आहे आणि यांचे अठरा महिने संपत आलेत. उरलेल्या मुदतीत पुढचं जोडपं येईल. त्यांच्यासाठी एल्डर सध्या एक वही लिहितायत, पहिल्या पानावर टाकीचा व्हॉल्व्ह कुठे आहे त्याची आकृती आहे.