सेन्सर तयार झाला. पण शरीरात टिकेल का?

कामठीच्या एखाद्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला घरी सोडताना नागपूरचे डॉक्टर गोळ्यांच्या यादीबरोबर आणखी एक सूचना देतात. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करायचे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर वाट पाहायची नाही, दाखवायला यायचे. हृदयाचा पंप कमजोर पडला की अंगात पाणी साचते आणि ते काट्यावर दिसते. सूचना उत्तमच आहे, पण काटा उशिरा बोलतो. फुफ्फुसाकडे रक्त नेणाऱ्या धमनीतला दाब त्याच्या बरेच दिवस आधी चढू लागलेला असतो.

हा दाब धमनीतच बसून मोजणाऱ्या ‘कार्डिओमेम्स’ या सेन्सरला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. लांबी जेमतेम दीड सेंटिमीटर, बॅटरी नाही. सिलिकाच्या बंद कुपीत तारेचे एक वेटोळे आणि एक कपॅसिटर असतो. दाब वाढला की कुपीची पातळ भिंत किंचित आत दबते आणि आतल्या सर्किटची कंपनसंख्या बदलते. रुग्ण घरीच एका खास उशीवर पडून राहतो, उशीतला अँटेना ती कंपनसंख्या टिपतो आणि आकडा डॉक्टरांकडे जातो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५५० रुग्ण होते. सेन्सर सगळ्यांना बसवला, पण आकडे डॉक्टरांना दाखवले ते निम्म्याच रुग्णांचे. त्या निम्म्यांमध्ये सहा महिन्यांत हार्ट फेल्युअरसाठी रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण २८ टक्क्यांनी कमी निघाले. २०२१ च्या मोठ्या चाचणीचा निकाल इतका स्पष्ट नव्हता. मधे कोविडही येऊन गेला होता.

यात एक गंमत आहे. आत बसलेला सेन्सर रक्ताच्या दाबाबरोबर बाहेरच्या हवेचाही दाब मोजतो, आणि तो वजा करावा लागतो. मुंबई समुद्रसपाटीला, कामठी सुमारे ३०० मीटर उंचावर. एवढ्या फरकाने हवेचा दाब पाऱ्याच्या सुमारे २५ मिलिमीटरने उतरतो. त्या धमनीतला सरासरी दाब निरोगी माणसात १४ च्या आसपास असतो आणि २० च्या वर गेला की जास्त समजतात. म्हणजे हवेचा हिशेब चुकला, तर मुंबईहून रेल्वेने आलेल्या रुग्णाचा आजार एका रात्रीत पळालेला दिसेल! म्हणून उशीजवळच्या यंत्रात हवेचा दाबही मोजला जातो.

हवेचे हे असे निस्तरता येते. सेन्सर स्वतःच हळूहळू चुकू लागला तर काय करायचे? घरातला काटा बिघडला तर तो शून्यावर आणता येतो, नाहीतर दुसरा घेता येतो. धमनीतला सेन्सर काढून तपासता येत नाही. दोन वर्षांत त्याचा आकडा पाच मिलिमीटरने सरकला, तर डॉक्टर विनाकारण लघवीची गोळी वाढवतील आणि मूत्रपिंडाला त्रास होईल; किंवा वाढवायला हवी तेव्हा वाढवणार नाहीत.

ही कुपी कडक आहे आणि मोठ्या धमनीत ते चालून जाते. मेंदू, मज्जातंतू, मूत्राशय किंवा धडधडणाऱ्या हृदयाची भिंत इथे मात्र चालत नाही. खरवसात ब्लेड खोचून ताटली दिवसभर हलवत राहावी, तसे ते होते. ऊती दुखावते, कडक वस्तूभोवती व्रणाचे वेष्टन तयार होते आणि सेन्सरला बाहेरचे काही कळेनासे होते. म्हणून संशोधक लवचिक सेन्सरकडे वळले. त्यातली मुख्य युक्ती जाडीची आहे. पट्टीची जाडी निम्मी केली की तिचा ताठरपणा आठपट कमी होतो. पापडासारखी तुटणारी सिलिकॉनची चकतीसुद्धा केसाहून पातळ केली की वाकते.

बनवताना काचेच्या किंवा सिलिकॉनच्या चकतीवर पॉलिइमाइडचा द्रव पसरवून भट्टीत पक्का करतात. त्यावर सोन्याचा अतिपातळ थर देऊन प्रकाशाच्या साहाय्याने तारा कोरतात, वर पुन्हा पॉलिमर चढवतात आणि शेवटी सगळे पापुद्र्यासारखे सोलून काढतात. तारा सरळ नसतात, नागमोडी असतात. ताण आला की वळणे उलगडतात, तार तुटत नाही.

खरी परीक्षा पुढेच आहे. शरीराचे आतले वातावरण म्हणजे ३७ अंशांचे खारट पाणी, आणि पॉलिमर पाणी अडवत नाही, फक्त उशीर करतो. शिवाय हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा धडधडते. दहा वर्षांत जवळपास ३८ कोटी. तितक्या वेळा सेन्सर यंत्रावर वाकवून पाहावा लागतो. पाण्यासाठी दहा वर्षे थांबणे शक्य नसते, म्हणून तो गरम खारट पाण्यात बुडवून ठेवतात. दर दहा अंशांना झीज साधारण दुप्पट वेगाने होते, असा ढोबळ हिशेब आहे. ६७ अंशांवर वेग आठपट, म्हणजे दहा वर्षांची परीक्षा सव्वा वर्षात. मग ८७ अंशांवर आणखी लवकर का उरकू नये? कारण तिथे चिकटवलेले थर अशा रीतीने सुटू शकतात, जसे ३७ अंशांवर कधीच सुटले नसते. घाईने घेतलेली परीक्षा भलत्याच विषयाची होऊन बसते. जॉन रॉजर्स यांच्या गटाने २०१६ मध्ये एक मायक्रॉनपेक्षा पातळ सिलिकॉन ऑक्साइडचा थर पाणी अनेक दशके अडवू शकेल असे दाखवले, तेही अशाच गरम पाण्यातल्या प्रयोगांवरून केलेले अनुमान आहे.

महाराष्ट्रात या वाटेवरचे मोठे काम पवईला झाले. मुंबई आयआयटीत व्ही. रामगोपाल राव यांच्या गटाने एसयू-८ या पॉलिमरच्या सूक्ष्म पट्ट्या बनवल्या. हृदयविकाराच्या झटक्यात रक्तात येणारी प्रथिने चिकटली की पट्टी वाकते आणि तिचा विद्युतरोध बदलतो. पण त्या शरीराबाहेर, रक्ताच्या नमुन्यासाठी होत्या. एकदा वापरायचे आणि दहा वर्षे आत ठेवायचे, यांत फार अंतर आहे. डॉक्टर आणि इंजिनीअर यांनी एकत्र बसून उपकरणे घडवावीत म्हणून आयआयटीत सुरू झालेल्या ‘बेटिक’ केंद्राची शाखा नागपूरच्या व्हीएनआयटीतही आहे. म्हणजे कामठीपासून ते काम फार लांब नाही. मात्र शरीरात बसवायची विजेवर चालणारी उपकरणे २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत सर्वाधिक जोखमीच्या ‘ड’ वर्गात मोडतात, आणि त्यांचा परवाना केंद्राकडून घ्यावा लागतो.

तोवर रुग्णाच्या हाती वजनाचा काटाच आहे. तो सपाट फरशीवर, रोज एकाच जागी ठेवावा. आकडा वहीत तारखेसह लिहावा आणि डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्यावी.