नम्रता, ख्रिस्ती
ख्रिस्ती नीतिविचारातील एक मूलभूत सद्‌गुण. माणसाची शक्ती, बुद्धी व अधिकार ही ईश्वराची देणगी आहे, हे जाणून तिचा विनियोग सेवेसाठी करणे, असे तिचे स्वरूप आहे. ही देणगी स्वतःचीच मिळकत मानणे म्हणजे गर्व. संत ऑगस्टीन (३५४–४३०) याने गर्वाला पापाचे मूळ मानले. येशूने शिष्यांचे पाय धुतल्याचा प्रसंग (योहान १३) नम्रतेचा आदर्श समजला जातो. त्यात येशू आपले गुरुपद नाकारीत नाही. त्या पदाचा अर्थ सेवा असा लावतो. म्हणून आत्मनिंदा व लाचारी यांहून नम्रता वेगळी आहे. नम्रतेचा उपदेश केवळ दुर्बलांनाच केल्यास ती दास्याचे साधन बनते, हा आक्षेपही त्यामुळे विचारात घ्यावा लागतो.

हा भेद कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या चरित्रात स्पष्ट होतो. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका यूरोपीय सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. १८९५ मध्ये मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा स्वभाव मानी व तापट होता. पत्नी लक्ष्मीबाई यांनी स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात तो मोकळेपणाने रंगविला आहे. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करताना परदेशी मिशनऱ्यांचे वर्चस्व त्यांना मान्य नव्हते. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही खुला असा ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. माणसांच्या सत्तेपुढे न वाकणे आणि ईश्वरापुढे शरण जाणे, या दोन्ही गोष्टी त्यांच्या ठिकाणी एकत्र नांदल्या.