ई-मेल सर्व्हर, घरगुती
घरच्या संगणकावरून ई-मेल पाठविण्याची व स्वीकारण्याची व्यवस्था. ई-मेलच्या वहनासाठी जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या एसएमटीपी नियमांत प्रेषकाची ओळख पडताळण्याची सोय नव्हती. त्यामुळे तोतया पत्रे वाढली व ग्राहक सर्व्हर संशयित पत्रे नाकारू लागले.

किल्लारीसारख्या (जि. लातूर) गावी काय किंवा शहरात काय, घरगुती जोडणीस बहुधा बदलता आयपी पत्ता मिळतो, जावक पत्रांचे २५ क्रमांकाचे पोर्टही पुष्कळदा बंद असते. म्हणून सेवादात्याकडून स्थिर पत्ता घेऊन, त्यावरून नाव सांगणारी उलट नोंद सर्व्हरच्या नावाशी जुळवून घ्यावी लागते. नंतर आपल्या डोमेनच्या डीएनएसमध्ये तीन नोंदी करतात. एसपीएफमध्ये पत्रे पाठविण्यास अधिकृत असलेले पत्ते, डीकेआयएममध्ये पत्रावरील अंकीय स्वाक्षरी पडताळण्याची सार्वजनिक किल्ली आणि डीमार्कमध्ये या दोन्ही पडताळण्या फसल्यास पत्राचे काय करावे, याची सूचना असते. मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठविणाऱ्यांस गूगल व याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून या तिन्ही नोंदी आवश्यक केल्या.

नोंदींनी ओळख पटते. पत मात्र निर्दोष व्यवहारानेच हळूहळू वाढते. स्थिर पत्ता न मिळाल्यास जावक पत्रे मध्यस्थ सर्व्हरमार्फत पाठविणे श्रेयस्कर ठरते.